झेंडा पाठीवर घेण्याआधी



मागच्या कार्यक्रमानंतर आम्हांला एका मैत्रिणीचा फोन आला. तालुक्याच्या गावी अर्धी मॅरेथॉन होणार आहे आणि तिला त्यात पेसर म्हणून बोलावलंय. तिनं हो म्हटलं आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली. म्हणाली, "ताई, आजवर मी माझ्यापुरती पळाले. मागं राहिले तरी कुणाचं काही जात नव्हतं. आता पाठीवर झेंडा आणि मागं दहा-पंधराजणी. मी कोण यांना नेणारी? नाही म्हणून कळवून टाकू का?"

आम्ही तिला एवढंच म्हटलं, की चार दिवस थांब, आत्ताच नाही म्हणू नकोस. फोनवर दोन मिनिटांत उरकण्यासारखा हा प्रश्न नव्हता. आमच्या पळणाऱ्या गटातल्या आम्ही दोघी दोन वर्षं पेसर होतो. आमचीही झोप अशीच उडाली होती. आणि पहिल्या वर्षी आमच्या हातून एक मोठी चूक झाली. ती आज सांगणार आहोत, कारण तिच्यातूनच या प्रश्नाचं उत्तर आम्हांला मिळालं.

पेसर म्हणजे कोण?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. अर्धी म्हणजे २१ किलोमीटर आणि वर जवळजवळ शंभर मीटर. एवढं अंतर पळताना सगळ्यांत अवघड काय असेल, तर आपली चाल सांभाळणं. सुरुवातीला अंगात जोर असतो, बाजूनं माणसं पळत असतात, ढोल वाजत असतो. पाय आपोआप सुटतात. मग पंधराव्या किलोमीटरला तेच पाय उचलत नाहीत.

म्हणून शर्यतीत काही जणांच्या पाठीवर झेंडा किंवा हातात फलक देतात. त्यावर वेळ लिहिलेली असते : २:१५, २:३०, ३:००. हे पेसर. तीन तासांचा झेंडा असेल, तर ती बाई एकसारख्या चालीनं पळत तीन तासांच्या आत, पण अगदी थोडंच आधी, शेवटच्या रेषेवर पोचणार. जिला तीन तासांत पोचायचंय तिनं घड्याळाकडे बघायचं नाही, झेंड्यामागं राहायचं. या घोळक्याला पळणारी मंडळी 'बस' म्हणतात.

हा शब्द आम्हांला फार आवडतो. आपल्याकडं वडाप असतं आणि एसटी असते. वडाप भरलं की निघतं, वाटेत जमेल तसं दामटतं. एसटीचं तसं नाही. एसटी उशिरा आली तर आपण बोलतोच. पण ती वेळेच्या दहा मिनिटं आधी सुटली, तर काय होतं? धापा टाकत फाट्यावर आलेली बाई मागंच राहते. पेसर ही एसटी आहे. लवकर पोचणारा पेसर हा उशिरा पोचणाऱ्याइतकाच चुकलेला असतो.

आमची रिकामी बस

पहिल्या वर्षी आम्हां दोघींना तीन तासांचा झेंडा मिळाला. आम्ही स्वतः दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास पळायचो. म्हणजे काम आमच्या आवाक्यातलं होतं. तरी आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. मनात काय काय आलं ते सांगतो. आपल्याला कुणी शिकवलंय? लोक हसतील, म्हणतील, या बाया कशाला झेंडा घेऊन निघाल्यात. ऐन वेळी पोटात कळ आली तर? पाळी आली तर? दम लागून आपणच थांबलो तर मागच्यांना तोंड कसं दाखवायचं?

गंमत म्हणजे हे आम्ही एकमेकींनाही बोललो नाही. दोघी एका खोलीत झोपलो होतो, दोघी जाग्या होत्या, आणि दोघींनी झोपेचं सोंग घेतलं होतं.

सकाळी अकराजणी आमच्या मागं उभ्या राहिल्या. त्यांत पन्नाशीच्या एक मावशी होत्या, पहिल्यांदाच एवढं पळणाऱ्या. शर्यत सुटली. आम्हांला प्रत्येक किलोमीटर साडेआठ मिनिटांत पळायचा होता. पहिला झाला सात मिनिटं चाळीस सेकंदांत. आम्हांला वाटलं, बरं झालं, थोडा वेळ गाठीला बांधला, पुढं दमलो तर उपयोगी पडेल. पाच किलोमीटरला आम्ही तीन मिनिटं पुढं होतो. दहाला साडेचार मिनिटं. मनातून सुखावलो होतो, म्हणजे आपल्याला जमतंय तर!

चौदाव्या किलोमीटरला मागं वळून बघितलं, तर तिघीच होत्या.

आम्ही दोन तास अठ्ठावन्न मिनिटांनी पोचलो. टाळ्या झाल्या, गळ्यात पदक पडलं, संयोजक म्हणाले, "वा ताई, अगदी वेळेवर." बस वेळेवर पोचली होती, पण रिकामी. मावशी पंधराव्या किलोमीटरला पायात गोळा येऊन रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. त्यांना गाडीतून आणलं. आम्ही त्यांच्यापाशी गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "तुमचा झेंडा बघूनच पळत होते गं. माझ्या पायाचं काही ऐकलंच नाही मी."

हे वाक्य आम्हांला वर्षभर पुरलं.

शंका पायात उतरते

नंतर आम्ही बसून विचार केला, की आम्ही जोरात का पळालो? आकडा पाठ होता, ताकद होती, घाई काहीच नव्हती. उत्तर एकच होतं : भीती. आपण कमी पडू, उशीर होईल, लोक हसतील, ही भीती. ती आम्ही कुणाला बोललो नाही, म्हणून ती गेली नाही. ती पायात उतरली. आपल्याला येतं हे दाखवण्यासाठी आम्ही पळालो, आणि त्याची किंमत मागच्या आठजणींनी दिली.

किंमत कशी, तेही समजून घ्या. पळताना शरीर दोन प्रकारचं जळण वापरतं. एक, स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर. दुसरं, चरबी. चरबीचा साठा मोठा असतो, पण ती हळूहळू जळते. साखर पटकन जळते, पण तिचा साठा मोजका असतो. आपल्या ताकदीपेक्षा जोरात पळालो की साखरेवर भार येतो आणि ती लवकर सरते. चुलीत एकदम सगळी लाकडं कोंबली तर जाळ मोठा होतो, पण भाकऱ्या निम्म्या झाल्या की चूल विझत येते. आमच्यासाठी सात मिनिटं चाळीस सेकंदांचा किलोमीटर सोपा होता. मावशींसाठी तो मोठा जाळ होता.

जगातल्या मोठ्या धावपटूंचीही गोष्ट याहून वेगळी नाही. ६ मे १९५४ला इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या मैदानावर रॉजर बॅनिस्टर एक मैल चार मिनिटांच्या आत पळणारे पहिले माणूस ठरले. वेळ होती तीन मिनिटं ५९.४ सेकंद. त्यांच्यापुढं चाल धरून पळायला दोन मित्र होते, ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे. पहिल्याच फेरीत बॅनिस्टरना वाटलं, आपण फार हळू पळतोय. ते मागून ओरडले, 'आणखी जोरात!' पण ब्रॅशर यांनी ऐकलं नाही. ठरलेली चाल सोडली नाही. ती चाल बरोबर होती, आणि म्हणूनच बॅनिस्टरना शेवटच्या फेरीसाठी जोर उरला.

आता विचार करा, जगातला मोठा धावपटू मागून ओरडतोय, आणि पुढच्यानं आपला आकडा धरून ठेवायचा. त्याच्या मनात शंका आली नसेल का? माणूस आहे, आली असणार. पण हातात हिशेब होता.

शंका कशी उतरवायची

दुसऱ्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हणणार होतो. मग ठरवलं, की शंकेला दटावायचं नाही, तिच्या हातात काम द्यायचं. काय केलं ते सांगतो. फोन करणाऱ्या मैत्रिणीनं हे लिहून घ्यावं.

पहिलं, वेळ आपल्या ताकदीपेक्षा कमी घ्यायची. आपण स्वतः जेवढ्या वेळात पळतो त्याहून पंधरा-वीस मिनिटं जास्त वेळेचा झेंडा घ्यायचा. पेसरला बोलावं लागतं, मागं बघावं लागतं, कुणाला धीर द्यावा लागतो. स्वतःचाच दम लागलेला असेल तर यातलं काहीच होत नाही. 'मी तेवढी चांगली आहे का' या शंकेचं उत्तर इथंच मिळतं. सगळ्यांत जोरात पळणारीची इथं गरजच नाही. आपल्यापेक्षा हळू पळायला तयार असणारी लागते.

दुसरं, हिशेब कागदावर करायचा. साडेआठ मिनिटांचा किलोमीटर धरला तर पाच किलोमीटर ४२ मिनिटं ३० सेकंदांत होतात. दहा होतात एक तास २५ मिनिटांत. पंधरा, दोन तास साडेसात मिनिटांत. वीस, दोन तास ५० मिनिटांत. उरलेल्या अकराशे मीटरला नऊ मिनिटं वीस सेकंद. एकूण दोन तास ५९ मिनिटं २० सेकंद. हे पाच आकडे आम्ही कागदाच्या पट्टीवर लिहिले, वरून चिकटपट्टी लावली आणि मनगटाला बांधले. घामानं पुसलं जात नाही.

अंतर मोजणारं घड्याळ असेल तरी रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांवर भरवसा ठेवा. गर्दीतून नागमोडी पळताना घड्याळात अंतर जास्त भरतं. शेवटी ते ३०० मीटर जास्त दाखवत असेल आणि आपण त्याच्याच हिशेबानं चाललो असू, तर अडीच मिनिटं उशीर झालाच समजा.

तिसरं, वाट आधी बघून यायची. घाटाचा रस्ता असेल तर सगळे किलोमीटर सारखे पळता येत नाहीत. साताऱ्याची हिल मॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटानं वर चढते आणि त्याच घाटानं उतरते. अशा ठिकाणी चढाला वेळ जास्त आणि उताराला कमी, असा वेगळा कागद करावा लागतो. चढावर दम सारखा ठेवायचा, घड्याळ नाही. गेलेला वेळ उतारावर हळूहळू येतो. उड्या मारत उतरायचं नाही, गुडघे बोलतात.

चौथं, सराव माणसं मागं घेऊन करायचा. एकटीनं पळून ही कला येत नाही. आम्ही सहा रविवार गटातल्या नवीन बायांना घेऊन पळालो. दर किलोमीटरला त्यांच्याशी बोलायचो : सकाळी काय खाऊन आलात, गाव कुठलं, घरी कोण कोण. जिला पूर्ण वाक्य एका दमात बोलता येतं तिची चाल बरोबर आहे. जी 'हो-नाही'वर आली ती ओढली जातेय. मशीन लागत नाही याला.

पाचवं, आणि आमच्या मते सगळ्यांत मोठं : शंका तोंडानं बोलायची. आदल्या रात्री आम्ही दोघींनी ठरवून एकमेकींना सगळं सांगितलं. तुला काय वाटतंय, मला काय वाटतंय. पोटात कळ आली तर झेंडा कोण घेईल? तू. तू थांबलीस तर? मी. झेंडा एकीचा नसतो, म्हणून पेसर दोघी असाव्यात. एवढं बोलून झोप लागली म्हणणार नाही, पण सोंग करावं लागलं नाही.

अंगाची शंका वेगळी

इथं एक फरक सांगायला हवा. मनाची शंका आणि अंगाचा इशारा या दोन गोष्टी आहेत. 'मी कोण नेणारी' ही मनाची शंका. पण जिना चढताना धाप लागते, डोळ्यापुढं अंधारी येते, महिनाभर थकवा जात नाही, याला भित्रेपणा म्हणू नका. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्तदाब, साखर, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळू नका आणि झेंडाही घेऊ नका. अशा वेळी नाही म्हणणं हेच शहाणपण.

शर्यतीच्या दिवशी मागच्यांचे इशारेही पेसरनं बघायचे. छातीत दुखणं, चक्कर, असंबद्ध बोलणं, अंगावर काटा येऊन थंडी वाजणं, यातलं काही दिसलं तर त्या बाईला तिथंच थांबवायचं. दोघींतली एक तिच्यापाशी राहते, स्वयंसेवकाला किंवा रुग्णवाहिकेला हाक मारते, दुसरी झेंडा घेऊन पुढं जाते. पाण्याचंही तसंच. तहान लागेल तसं घोट-घोट प्यायचं. कुणाला आग्रह करकरून पाणी पाजू नका. गरजेपेक्षा फार पाणी प्यायलं तर रक्तातलं मीठ कमी होतं आणि तेही जिवावर बेतू शकतं.

दुसऱ्या वर्षीची सकाळ

त्या सकाळी आम्ही सुटण्याआधीच मागं वळून उभ्या राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं : आम्ही साडेआठ मिनिटांनी किलोमीटर पळणार. सुरुवात तुम्हांला फार हळू वाटेल, वाटू द्या. पाण्याच्या टेबलाशी चालणार, तिथं गेलेला वेळ पुढच्या दोन किलोमीटरमध्ये थोडा थोडा भरून काढणार. वेळ आपण सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासून मोजणार, शिटी वाजल्यापासून नाही. जी दमेल तिनं हाक मारायची, लाजायचं नाही.

हे बोलताना आमचा आवाज कापत होता. पण बोलून झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. समोरच्या नऊजणींचे चेहरे सैलावले होते. त्यांनाही तीच शंका होती, की आपण कुठं या पळणाऱ्यांत! कुणी म्हणालं, माझे बूट जुने आहेत. कुणी म्हणालं, मी तर सलवार-कमीजवरच आलेय. आम्ही त्यांना बारामतीच्या लता करे यांची आठवण दिली. साठी ओलांडलेल्या या बाईंनी नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवे होते म्हणून नऊवारीत, अनवाणी पळून ज्येष्ठांची शर्यत जिंकली होती. पुढं त्यांच्यावर सिनेमाही निघाला. पळणाऱ्या बाईचा असा काही ठरलेला चेहरा नसतो.

पहिला किलोमीटर आठ मिनिटं पस्तीस. बाजूनं लोक भराभर पुढं जात होते. मागून एक पोरगी म्हणाली, "ताई, फारच हळू चाललोय." आम्हांला ब्रॅशर आठवले. म्हटलं, "चौदाव्याला विचार." चौदाव्याला तिनं काही विचारलं नाही, फक्त हसली.

नऊपैकी सहाजणी आमच्याबरोबर पोचल्या. दोघी पाच मिनिटांत मागून आल्या. आणि मावशी? हो, त्याही आल्या होत्या. अठराव्या किलोमीटरला म्हणाल्या, "आता माझा पाय बोलतोय, मी त्याचं ऐकते, तुम्ही व्हा पुढं." त्या चालत-पळत आल्या. आम्ही रेषा ओलांडली, झेंडा खाली ठेवला आणि त्यांना आणायला मागं गेलो. खुरपताना आपण काय करतो? आपली पात संपली की बांधावर बसत नाही, मागं राहिलेलीच्या पातीला लागतो. तसंच. तीन तास आठ मिनिटांनी मावशींनी रेषा ओलांडली. पदक त्यांनी स्वतःच गळ्यात घालून घेतलं, कुणाची वाट बघितली नाही.

फोन करणाऱ्या मैत्रिणीला चार दिवसांनी आम्ही हेच सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "म्हणजे भीती जात नाही?" नाही गं, जात नाही. आम्हांलाही तिसऱ्यांदा बोलावलं तर पुन्हा वाटेल. पण ती भीतीच आपल्याला मागं वळून बघायला लावते. जिला काहीच वाटत नाही ती मागं बघत नाही, आणि पेसरचं निम्मं काम मागं बघण्याचंच आहे. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कागदाची पट्टी केवढी कापायची?"

तुमच्या गटातही कुणी अशी असेल, जिला अध्यक्ष व्हा म्हटलं, ग्रामसभेत बोला म्हटलं, की ती म्हणते 'मी कोण?' पुढच्या बैठकीत तिला 'घाबरू नकोस' म्हणू नका. तिला नेमकं कशाची भीती वाटते ते विचारा, तिच्याबरोबर दुसरी कोण उभी राहील ते ठरवा, आणि आकडे कागदावर लिहून द्या.

आणि पळायला सुरुवात करायची असेल तर उद्या सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यावर अर्धा तास चालून या, बोलत बोलत. बोलणं तुटलं, तर चाल कमी करा.

रामराम.